चांदबी मणियारचा जबाब

चांदबीने बाईचा हात हातात घेतला की माप विचारायची गरज पडत नसे. बोटं जुळवून मूठ वळवायची, अंगठ्याच्या मुळाशी दोनदा दाबून बघायचं आणि पेटीतून नेमकी बांगडी काढायची. दोन-चार, दोन-सहा, खुरपणीतली दणकट बाई असेल तर दोन-आठ. मुखेड आणि भोवतालच्या वीस-पंचवीस खेड्यांत लग्न निघालं की हळदीच्या आदल्या दिवशी तिला सांगावा यायचा. ती एसटीने जायची, ओसरीवर बसायची आणि नवरीपासून भांडी घासायला आलेल्या बाईपर्यंत सगळ्यांचे हात भरायची. भरून झालं की बाया तिला वाकून नमस्कार करायच्या. ती मणियारांची, मुसलमानाची, हे त्या वेळी कुणाच्या मनात नसायचं. निदान चांदबीला तसं वाटायचं.

स्वभावाने ती गोड नव्हती. हात सैल सोड म्हणून सांगूनही पोरीने आखडून धरला तर ती मनगटावर चापटी मारायची. एकदा एका पाटलाच्या सुनेला तिने सर्वांदेखत सांगितलं होतं की तुझ्या सासूच्या जिभेपेक्षा तुझा हात मऊ आहे, म्हणून बांगडी चढली. सासू तिथंच बसली होती. तरी त्या घरच्या पुढच्या लग्नालाही चांदबीलाच बोलावणं आलं, कारण तिच्या हातून बांगडी सहसा फुटत नसे.

हे सगळं ज्या उजव्या हाताने चालायचं, तो हात सात वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आधीच्या मंगळवारी, देवठाण्याच्या आठवडी बाजारात मोडला.

देवठाण्याच्या बाजारात पाण्याच्या टाकीच्या सावलीला चांदबीची जागा ठरलेली होती. तिच्याआधी तिचा नवरा महेबूब तिथं बसायचा. त्या वर्षी भुजंग नावाच्या माणसाने कटलरीचा मोठा गाडा टाकला आणि त्याला तीच सावली हवी झाली. आधी त्याने बोलून पाहिलं, मग तिच्या सतरंजीवर पाणी सांडून पाहिलं. त्या मंगळवारी त्याने सरळ पेटीला लाथ घातली. पेटी धरायला चांदबी पुढे झाली, तर त्याने तिला ढकललं. ती टाकीच्या ओट्याच्या कडेवर, हातावर पडली. संक्रांतीसाठी आणलेल्या हिरव्या बांगड्यांचा चुरा झाला. दोघा-तिघांनी भुजंगला बाजूला ओढलं आणि चांदबी मनगटाला पदर गुंडाळून, कुणालाही सोबत न घेता, गावातल्या पोलीस ठाण्यात गेली.

नांदेड-लातूरकडं सरकारी कचेरीत शिरताना कामाच्या आधी ओळख सांगायची रीत आहे. तलाठ्याकडं गेलं तर त्याच्या मेहुण्याचं गाव काढायचं, दवाखान्यात गेलं तर नर्सच्या आईची खुशाली विचारायची. ओळख लागली की बसायला स्टूल मिळतं. नाही लागली तर दारात उभं राहावं लागतं. चांदबीनेही तेच केलं. टेबलामागे एक तरुण फौजदार बाई लिहीत बसली होती. चांदबीने आधी तिचे हात ओळखले, चेहरा नंतर. दोन वर्षांपूर्वी कंधार तालुक्यातल्या एका मांडवात तिने ते हात भरले होते.

"राजकन्या न्हाई का तू?" ती म्हणाली. "तुझ्या लग्नाचा चुडा मीच भरला की, बेटी."

मागच्या बाकावरचे दोन शिपाई हसले. राजकन्येला त्या ठाण्यात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि ते दोघे रोज कशाला ना कशाला हसत होते. तिचा चेहरा आखडला. तिने कागद ओढला आणि काय करायचं म्हणता, एवढंच विचारलं. चांदबीने गावाकडे बोलतात तसं सांगितलं, की त्याला बोलवून दम द्या, माझी जागा मला मिळवून द्या आणि माझ्या हाताचं बघा. राजकन्येने पाच ओळी लिहिल्या. जागेवरून किरकोळ बाचाबाची झाली. प्रकरण अदखलपात्र, म्हणजे पोलीस ज्याचा आपणहून तपास करत नाहीत असं. आणि शेवटी, 'माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' हे कुणी वाचून दाखवलं नाही. चांदबी चौथीपर्यंत उर्दू शाळेत गेलेली होती, मराठी वाचता येत नसलं तरी तिला सही येत होती, पण उजव्या हाताची बोटं हलत नव्हती. एका शिपायाने तिचा डावा अंगठा धरून शाईच्या डबीवर टेकवला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हाडाचा फोटो निघाला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर काढलं तेव्हा मनगट थोडं वाकडं जुळलेलं दिसलं आणि अंगठ्यातला जोर गेला होता. बांगडी भरण्याची सगळी कला त्या अंगठ्यातच असते.

पुढची सात वर्षं चांदबी त्या एका ओळीशी भांडत राहिली. ठाण्यात साहेब बदलले की ती नव्या साहेबाकडे जायची. प्रत्येक साहेब जुना कागद काढायला लावायचा, शेवटची ओळ वाचायचा आणि म्हणायचा की बाई, तुम्हीच लिहून दिलंय, तक्रार नाही म्हणून. अंगठा आहे तुमचा. भुजंगने तर त्या कागदाची झेरॉक्स मिळवून आपल्या गाड्याच्या काचेला आतून चिकटवली होती. कुणी जागेचा विषय काढला की तो बोट तिकडं करायचा. चांदबी आता मुखेडात घराच्या दारात पिना, दोरे आणि रबर विकत होती. लग्नाचे सांगावे आधी कमी झाले, मग बंद.

तिची मुलगी बुशरा लातूरला असते. शिकवण्यांसाठी आलेल्या पोरांना ती डबे करते, आणि गावाबाहेरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या मेसलाही तिच्याकडच्या पोळ्या जातात. यंदा पावसाळा सरता सरता तिने आईला फोनवर सहज सांगितलं की केंद्रात कायदा शिकवणाऱ्या मॅडम साधी माणसं शोधून राहिल्या आहेत. नव्या शिपायांसमोर तक्रारदार म्हणून बसायचं, म्हणजे त्यांना तक्रार लिहून घ्यायचा सराव होतो. आपल्या बोलीत बोलणारी, वय झालेली बाई हवी आहे. मॅडमचं नाव राजकन्या.

चांदबीने विचारलं, ही आधी देवठाण्याला फौजदार होती का. बुशराने चौकशी करून दोन दिवसांनी होय म्हणून सांगितलं, आणि सांगताक्षणी तिला पस्तावा झाला. आईला ती ओळखत होती. माझ्या पोळ्या जातात तिथं, अम्मी, असं ती तीनदा म्हणाली.

"मला भांडायचं न्हाई," चांदबी म्हणाली. "मला तिच्याकडून एक ओळ खोडून घ्यायचीय."

बुशराने शेवटी तिचं नाव दिलं आणि ती अहमदपूरला गाडी बदलून लातूरला आली. पिशवीत जेवणाचा डबा, पान-तंबाखूची चंची आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला हाडाचा फोटो होता.

केंद्रातला वर्ग म्हणजे पत्र्याचं छत असलेला लांब हॉल होता. सत्तर-ऐंशी पोरं-पोरी, सगळ्यांचे केस एकसारखे कापलेले, सकाळच्या कवायतीने चेहरे रापलेले. समोर एक टेबल मांडून पोलीस ठाणं केलं होतं. राजकन्या आता सहायक निरीक्षक झाली होती, अंगाने थोडी भरली होती. शिकवायची मात्र मन लावून. ती सांगत होती, की तुमच्या समोर येणारा माणूस बहुतेक वेळा त्याच्या सगळ्यांत वाईट दिवशी आलेला असतो; त्याची भाषा, कपडे, आडनाव बघून तुमचं मत आधी तयार होतं; ते मत बाजूला ठेवून तो काय बोलतो ते लिहायचं. खरं की खोटं हे तपासात बघायचं, लिहिताना नाही. पोरं वहीत उतरून घेत होती. चांदबी दारातल्या खुर्चीवर बसून ऐकत होती. इतकं चांगलं बोलता येत होतं तर.

राजकन्येने तिच्याकडं पाहून मान लववली. ओळखलं नव्हतं. यादीतलं नाव तिने वाचलं असणार, पण सात वर्षांत तिच्या टेबलासमोरून हजारो नावं गेली होती. कारकुनाने चांदबीला एक चिठ्ठी वाचून दाखवली आणि हातात दिली. त्यात तिने काय बोलायचं ते लिहिलं होतं: बसस्टँडवर पर्स चोरीला गेली, आत आधार कार्ड होतं.

टेबलामागे नरसिंग नावाचा रिक्रूट बसला. धर्माबादकडचा, उंच, तुकडीचा म्होरक्या. त्याने चांदबीला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि शाईची डबी तिच्याकडं सरकवली.

"हां चाची, आधी अंगठा करून टाका. नंतर गडबड होते. मग सांगा, काय गेलं?"

वर्गात हशा झाला. चांदबी उभीच होती.

"आधी अंगठा?" ती म्हणाली. "मग मला कशाला बोलवलं? तुझं तू लिही. आन् चाची तुझी कुठून झाले मी? नाव हाय मला. चांदबी महेबूब मणियार."

आता हशा नरसिंगवर झाला आणि त्याचे कान लाल झाले. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं की दुभाषा लावा, सर. चांदबी वळली. बोलणाऱ्याने उभं राहावं म्हणाली. कुणी राहिलं नाही.

"मी मराठीच बोलून राहिले," ती म्हणाली. "तुमच्या आयांचे हात मी ह्याच बोलीत भरलेत. तवा कुणाला दुभाषा लागला न्हाई."

राजकन्येने खिडकीजवळून वर्गाला दटावलं आणि नरसिंगला सांगितलं की आधी बसायला सांग, मग नाव लिही, मग ऐक. त्याने तोंड वाकडं करून खुर्ची दाखवली. चांदबी बसली. चिठ्ठीची घडी करून तिने ती पिशवीखाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. देवठाणा, मंगळवार, टाकीची सावली, पेटी, लाथ. नरसिंग चार ओळी लिहून थांबला.

"मावशी, चिठ्ठीत पर्स हाय."

"पर्स माझ्याकडं कधीच नव्हती. मी सांगते ते लिही."

त्याने मॅडमकडं पाहिलं. मॅडमला वाटलं बाई घाबरून विसरली. चालू दे, अशी खूण तिने केली. मग चांदबीने मोडलेल्या हाताचं सांगितलं, पदर गुंडाळून ठाण्यात गेल्याचं सांगितलं, आणि टेबलामागे कोण बसलं होतं ते सांगितलं.

"फौजदार बाई होती. नाव राजकन्या. तिच्या लग्नाचा चुडा मी भरलेला. तिनं कागदावर लिहिलं की मला तक्रार न्हाई. मी तसं म्हणाले नव्हते."

नरसिंगचं पेन कागदावर टेकलेलं तसंच होतं आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत होता. पोरांनी एकदम मॅडमकडं पाहायचं टाळलं, आणि मग एकदमच पाहिलं.

राजकन्या टेबलापर्यंत आली. तिचा आवाज खाली गेला होता, पण त्यात धार होती. मावशी, ही ती जागा नाही, ती म्हणाली. इथं सराव चालला आहे. तुमचं काही असेल तर तास संपल्यावर माझ्याकडं या. आणि नरसिंगला म्हणाली, पेन खाली ठेव.

"सात वर्षं मी तास संपल्यावरच येऊन राहिले," चांदबी म्हणाली. "सराव करा की. मी बोलते, त्यानं लिहावं. तुम्हीच तर आत्ता शिकवलं."

मधल्या रांगेतून अक्षरा नावाची एक पोरगी उठली. सडपातळ, चष्मा लावलेली, बोलताना वहीकडं बघणारी. तिने वहीतलं वाक्य वाचल्यासारखं म्हटलं की मॅडम, तक्रारदार काय बोलतो ते लिहायचं, खरं की खोटं ते नंतर. राजकन्येने तिला बस खाली म्हणून इतकं तोडून सांगितलं की पोरगी मटकन बसली आणि शेजारणीने तिचा दंड धरला.

वाट काढून दिली ती नरसिंगनेच. त्याला म्हाताऱ्या बाईचा राग आला होता आणि मॅडमची बाजू घ्यायची संधीही दिसली होती.

"मॅडम, सात वर्षं झाली," तो म्हणाला. "मुदत गेली असेल. आता लिहून पण उपयोग न्हाई."

तो बरा मार्ग होता. राजकन्येने नुसती मान हलवली असती तरी सगळ्या वर्गाने ते खरं मानून वहीत उतरवून घेतलं असतं, आणि चांदबी पुन्हा एसटीत बसली असती. मुदत म्हणजे काय हे चांदबीला नीट कळत नव्हतं. एवढं कळत होतं की आपलं सगळं त्या मानेवर येऊन ठेपलं आहे. ती राजकन्येच्या हातांकडं पाहत राहिली. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं आवळून धरली होती. पांढरी पडली होती.

"नाही," राजकन्या म्हणाली. वर्गाकडं तोंड करून, शिकवतात तशा आवाजात. "हाड मोडणं म्हणजे गंभीर दुखापत. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. असल्या गुन्ह्याला मुदत लागत नाही. चूक सांगू नकोस. लिही."

नरसिंग खजील झाला, पण गप्प बसणारा नव्हता. हाड मोडलं याला पुरावा काय, त्याने विचारलं. चांदबीने वर्तमानपत्र उलगडून फोटो त्याच्यासमोर टाकला. त्याने तो खिडकीच्या उजेडात धरला, तारीख वाचली आणि मग त्याला आणखी एक सापडलं.

"तुम्हाला सही येते म्हणता. मग त्या कागदावर अंगठा कसा?"

चांदबीने उजवा हात टेबलावर ठेवला. वाकडं मनगट त्याच्यासमोर होतं.

"सही ह्या हातानं येते, बाबा. मोडका हात घेऊन गेले होते मी तिथं. अंगठा त्याच्यामुळंच हाय."

नरसिंगने फोटो खाली ठेवला. त्याने मॅडमकडं पाहिलं नाही, लिहायला लागला. पण चांदबीला आता त्याच्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. ती खुर्चीत वळली.

"एक सांगा मॅडम. 'तक्रार न्हाई' असं मी म्हणाले होते का?"

"नाही."

"मग लिहिलं का?"

राजकन्येने टेबलावरचा हाडाचा फोटो उचलून पाहिला. मग जे बोलली ते वर्गाला ऐकू जाईल असं बोलली. ठाण्यात जो ओळख सांगत येतो तो मिटवायला आलेला असतो, असं आम्ही धरून चालतो, ती म्हणाली. ज्याला गुन्हा दाखल करायचा असतो तो नातं काढत नाही, आरडाओरडा करतो. तुम्ही चुड्याचं बोललात, दम द्या म्हणालात, आणि मी मनात ठरवून टाकलं. हाताकडं पाहिलंच नाही.

"आन् ओळख सांगितली न्हाई तर आम्हाला आत कोण घेतंय?" चांदबी म्हणाली. "तू घेतलं असतंस?"

राजकन्येने फोटो खाली ठेवला.

"त्या दिवशी ओळखलं होतंस का मला?"

"ओळखलं होतं."

"मग तर झालंच," चांदबी म्हणाली. "मी समजून होते, पोरीनं ओळखलं नसल. तेवढ्यावर तुला सोडून देत होते मी."

लिहून झालं तेव्हा दुसरा तास बुडाला होता. नरसिंगने कागद सहीसाठी पुढे केला. चांदबीने शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय. 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे,' असं नरसिंगने वाचलं. वाचून तर अजून दाखवलाच नव्हता. सगळेच आधी लिहून ठेवतात, नरसिंग पुटपुटला. ती ओळ तिने खोडायला लावली. मग त्याने सगळा जबाब मोठ्याने वाचला. 'बाचाबाची' हा शब्द त्याच्या हाताने सवयीने लिहिला होता; तो काढून तिने 'लाथ' लिहायला लावलं. 'ढकलाढकली' होतं तिथं 'त्याने ढकलले'. मी कुठं ढकललं त्याला, ती म्हणाली. वाचून संपलं, तेव्हा ती खोडलेली ओळ त्याने पुन्हा खाली लिहिली. चांदबीने पेन घेतलं आणि उजवीकडून डावीकडं, एकेक अक्षर ओढत, उर्दूत सही केली. त्याला बराच वेळ लागला. मागे कुणी हसलं नाही, पण कुणी जागेवर नीट बसलेलंही नव्हतं. दोन तास चाललेल्या या प्रकाराला ती पोरं कंटाळली होती, आणि काही जण उघड चिडले होते, की कुठली कोण बाई येते आणि आमच्या मॅडमला आरोपीसारखं उभं करते.

राजकन्येने तो कागद घेतला. नरसिंग हळूच म्हणाला की मॅडम, तुमचं प्रमोशन आहे या वर्षी. तिने त्याला जागेवर जायला सांगितलं. मग टेबलाशी बसून तिने जबाबाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं:

'सात वर्षांपूर्वीच्या नोंदीतील "तक्रार नाही" हे वाक्य फिर्यादी यांनी उच्चारलेले नव्हते. ते मी लिहिले. त्यांच्या हातास दुखापत दिसत असूनही मी त्यांना दवाखान्यात पाठवले नाही.'

खाली नाव, हुद्दा, तारीख. देवठाणा ठाण्याला पुढील कारवाईसाठी, असं वर लिहून तिने कारकुनाला दोन प्रती काढायला सांगितल्या. चहा आला होता. तिने कप चांदबीच्या पुढे ठेवला. चांदबीने तो घेतला नाही.

"मावशी," राजकन्या म्हणाली.

"काम झालं," चांदबी म्हणाली आणि पिशवी उचलली.

प्रत घेऊन अक्षरा फाटकापर्यंत धावत आली. तिला आणखी काही बोलायचं होतं. चांदबीच्या हाताकडं बघून तिने हातही थोडा पुढे केला. चांदबीने कागद घेतला, घडी केली आणि चंचीत सरकवला. मॅडमनं बस म्हटल्यावर बसलीस, ती म्हणाली. पुढच्या वेळी उभी राहा. आणि रिक्षात चढली.

बुशराचं केंद्रातलं पोळ्यांचं काम त्या महिन्यातच सुटलं. कुणी कारण सांगितलं नाही. बुशरा आईशी आठ दिवस बोलली नाही, आणि बोलली तेव्हाही पोळ्यांचं काढलंच. चांदबीने ऐकून घेतलं. राजकन्येला वरून दोन नोटिसा गेल्या, असं मुखेडपर्यंत कानावर आलं. चांदबीने त्याबद्दल बरं झालं असंही म्हटलं नाही आणि वाईट झालं असंही नाही. मात्र तो कागद ती शेजारच्या पोराकडून अधूनमधून वाचून घ्यायची. सगळा नाही. 'ते मी लिहिले' एवढाच.

दिवाळीनंतर देवठाण्याहून फोन आला, जबाबाला या. मंगळवार होता. टाकीच्या सावलीत भुजंगचा गाडा उभा होता आणि काचेला आतून ती पिवळी पडलेली झेरॉक्स अजून चिकटलेली होती. त्याने चांदबीला पाहिलं, बायकोला कोपराने डिवचलं आणि मोठ्याने म्हणाला की आली बघ, हौस फिटली न्हाई अजून. चांदबी थांबली नाही.

ठाण्यात नवा हवालदार होता, पन्नाशीचा, वैतागलेला. समोर आधीच चार माणसं होती. त्याने मान वर न करता विचारलं, कुणाकडून आलात, ओळखीचं कोण आहे का इथं.

या ठाण्यासमोरच्या खानावळवाल्याच्या बहिणीचे हात तिने भरले होते. सरपंचाच्या दोन्ही सुनांचे भरले होते. हवालदाराला समोरच्या एका माणसाने आडनावाने हाक मारली होती. त्या आडनावाच्या तीन घरी तरी ती लग्नाला जाऊन आली होती.

"कुणी न्हाई," चांदबी म्हणाली. "तक्रार हाय."

हवालदाराने मान वर केली. बसा म्हणाला नाही. कोपऱ्यात एक स्टूल होतं; ते तिने डाव्या हाताने ओढून टेबलापाशी आणलं, बसली, आणि तो लिहायला घेईपर्यंत वाट बघत राहिली.